डूनबेगचा फोन : शब्द टाकला कुठे, नोंद झाली कुठे

१५ मार्च २०१८. सेंट पॅट्रिक दिनाच्या निमित्ताने वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या सभापतींकडे दरवर्षीचं जेवण होतं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प हजर होते. पाहुणे म्हणून आलेले आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर बोलायला उठले आणि त्यांनी चार वर्षांपूर्वीची एक आठवण सांगितली. ते पर्यटनमंत्री असताना एक दिवस त्यांना ट्रम्प यांचा फोन आला. आधी वाटलं, कार्यालयातलंच कुणीतरी थट्टा करतंय. पण फोन खराच होता. क्लेअर परगण्यात डूनबेग इथे ट्रम्प यांनी समुद्रकाठचं गोल्फ मैदान आणि हॉटेल विकत घेतलं होतं. त्याच्या जवळ पवनचक्क्या उभ्या करण्याचा एक प्रकल्प येऊ घातला होता आणि तो त्यांना नको होता. वराडकरांनी सांगितलं की आपण काउंटी कौन्सिलशी, म्हणजे परगण्याच्या स्थानिक कारभारी संस्थेशी, संपर्क साधला, पुढे परवानगी नाकारली गेली, आणि राष्ट्राध्यक्ष त्याचं श्रेय मला देतात, खरं तर ती तशीही नाकारली गेली असती.

सभागृहात हशा झाला. आयर्लंडमध्ये मात्र दुसऱ्या दिवशी गदारोळ उठला.

या प्रसंगाकडे मी वळलो तो वराडकरांच्या नावामुळे. वडील डॉक्टर अशोक वराडकर मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, आई आयर्लंडमधल्या वॉटरफर्ड परगण्यातली, परिचारिका. मुलगा डब्लिनमध्ये जन्मला, डॉक्टर झाला, २००७ मध्ये डब्लिन वेस्टमधून संसदेच्या खालच्या सभागृहात, म्हणजे ‘डॉल’मध्ये निवडून गेला आणि जून २०१७ मध्ये वयाच्या ३८व्या वर्षी पंतप्रधान झाला. तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी पानं भरून मजकूर छापला. २०१९ च्या डिसेंबरअखेर ते कुटुंबासह वराडला आले, तेव्हाही गावाने डोक्यावर घेतलं. ते सगळं आपुलकीचं होतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण लोकप्रतिनिधी म्हणून त्यांनी सभागृहात आणि सभागृहाबाहेर काय केलं, हे त्या मजकुरात फारसं नव्हतं. आणि आपल्या नात्यातला माणूस म्हणून तरी ते आपण नीट वाचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तर मुळात घडलं काय? गदारोळानंतर खुलासा आला की वराडकरांनी काउंटी कौन्सिलला फोन केलेला नव्हता. त्यांनी ‘फॉल्चा आयर्लंड’ या सरकारी पर्यटन संस्थेच्या प्रमुखांना ई-मेल पाठवला होता. चार वर्षांपूर्वीच्या गोष्टीत तपशिलाची गफलत झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. क्लेअर काउंटी कौन्सिलनेही सांगितलं की मंत्र्यांकडून आपल्याकडे काही आल्याची नोंद नाही. पवनचक्क्यांना परवानगी २०१४ मध्येच नाकारली गेली होती, तीही कौन्सिलच्या नेहमीच्या प्रक्रियेतून.

आपल्या भाषेत याला ‘शब्द टाकणं’ म्हणतात. साहेबांनी शब्द टाकला आणि काम झालं. काम शब्दामुळे झालं की होणारच होतं, हे कधीच कळत नाही. माझ्या लहानपणी आमच्या वाडीच्या रस्त्यावर डांबर पडलं तेव्हा तीन वेगवेगळ्या पुढाऱ्यांच्या माणसांनी सांगितलं होतं की आमच्या साहेबांनी शब्द टाकला. रस्ता मात्र एकच होता, आणि तो बहुधा मंजूर यादीतच होता. वराडकर ‘तशीही नाकारली गेली असती’ म्हणाले, यावर माझा विश्वास आहे. त्या ई-मेलने निकाल फिरला असं म्हणायला काही पुरावा नाही. पण निकाल फिरला नाही, हे तरी कशावरून दाखवायचं? आणि त्या पवनचक्क्या उभारू पाहणाऱ्याकडे, किंवा ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवर त्या उभ्या राहणार होत्या त्याच्याकडे, मंत्र्याचा नंबर नव्हता. माझ्या मते या प्रकरणातली खरी खोट ही आहे. हरकतीची जागा रीतसर अर्जातून कौन्सिलसमोर असते. तिथे ती सगळ्यांना वाचता येते, खोडून काढता येते.

क्लेअर परगणा मुद्दाम नकाशावर शोधावा असा आहे. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला अटलांटिकसमोर छाती काढून उभा. शॅनन नदी इथे समुद्राला मिळते. याच परगण्यात अर्डनाक्रुशाचं जलविद्युत केंद्र १९२९ मध्ये सुरू झालं आणि नव्या स्वतंत्र देशाची वीज त्यावर उभी राहिली. नदीच्या मुखाशी मनीपॉइंटचं कोळशाचं केंद्र १९८०च्या दशकात आलं, ९०० मेगावॅटहून मोठं. जून २०२५ मध्ये तिथला कोळसा बंद झाला. त्याच जागेवरून खोल समुद्रातल्या तरंगत्या पवनचक्क्यांची वीज किनाऱ्यावर आणायची, असा सरकारी वीज कंपनीचा आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. म्हणजे पाणी, कोळसा, वारा, तिन्हींचा इतिहास एकाच परगण्यात. डूनबेग त्या किनाऱ्यावर मनीपॉइंटपासून जवळच.

डूनबेगच्या वाळूच्या टेकड्यांत दोनेक मिलिमीटरची एक गोगलगाय राहते, युरोपीय कायद्याने संरक्षित. ती टेकडी समुद्र खात चालला, मैदानाची हिरवळ ढासळू लागली, तेव्हा गोल्फ मैदानाच्या मालकांनी पावणेतीन किलोमीटरच्या दगडी बंधाऱ्यासाठी अर्ज केला. त्या अर्जात कारण म्हणून जागतिक तापमानवाढीने वाढणाऱ्या समुद्रपातळीचा उल्लेख होता. त्या मोठ्या बंधाऱ्याचा अर्ज नंतर मागे घेतला गेला, छोट्या बंधाऱ्याचा अर्जही २०२० मध्ये अपिलात फेटाळला गेला. हे सगळं आज कुणालाही माहीत आहे, कारण ते अर्जात लिहिलेलं होतं, त्यावर हरकती आल्या, निकाल लेखी लागला. पवनचक्क्यांबद्दलच्या फोनची गोष्ट मात्र चार वर्षांनी जेवणाच्या टेबलावर बाहेर आली, तीही सांगणाऱ्याने स्वतः सांगितली म्हणून.

२०१४ चाच उन्हाळा, क्लेअर परगणाच. २२ जुलैला शॅनन विमानतळाचं कुंपण चढून दोन माणसं धावपट्टीकडे निघाली. ही दोघं डॉलचे सदस्य होते, तिथल्या भाषेत ‘टीडी’. डब्लिन नॉर्थच्या क्लेअर डेली आणि वेक्सफर्डचे मिक वॉलेस. उभ्या असलेल्या अमेरिकी लष्करी विमानांत शस्त्रं आहेत का, हे त्यांना स्वतः जाऊन पाहायचं होतं.

यामागची गोष्ट समजायला आयर्लंडची तटस्थता थोडी उलगडावी लागेल. दुसऱ्या महायुद्धात हा देश तटस्थ राहिला, नाटोत कधी गेला नाही. १९५८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत मात्र त्याचे सैनिक अखंड आहेत. दक्षिण लेबनॉनमध्ये तर आपल्या भारतीय तुकडीच्या शेजारीच. सैन्य बाहेर पाठवायला तिहेरी कुलूप आहे : संयुक्त राष्ट्रांची मान्यता, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि १२ पेक्षा जास्त सैनिक असतील तर डॉलची मंजुरी. पण शॅननवर अमेरिकी सैनिकांची विमानं इंधनासाठी उतरतात, आणि अफगाणिस्तान-इराक युद्धांपासून हा लोकांच्या मनातला काटा झाला आहे. नियम असा की परदेशी लष्करी विमान उतरायचं तर परराष्ट्र खात्याची परवानगी हवी आणि विमान निःशस्त्र हवं. नागरी विमानातून शस्त्रं न्यायची असतील तर सूट वाहतूक खातं देतं. विमान निःशस्त्र आहे, हे मात्र दुसऱ्या देशाच्या शब्दावर मानलं जातं. झडती होत नाही. डेली आणि वॉलेस यांचा आक्षेप नेमका हा होता.

ते वाहतूक खातं २०११ पासून कुणाकडे होतं? वाहतूक, पर्यटन आणि क्रीडा, तिन्ही खाती लिओ वराडकरांकडे होती. ११ जुलै २०१४ ला फेरबदल होऊन ते आरोग्यमंत्री झाले. दोन टीडी कुंपण चढले ते त्यानंतर बरोबर अकरा दिवसांनी.

न्यायालयाने दोघांना प्रत्येकी २००० युरो दंड केला. दोघांनी भरला नाही. २०१५ च्या डिसेंबरात त्यांना लिमरिकच्या तुरुंगात नेलं आणि काही तासांत सोडलं. पुढे २०१९ मध्ये दोघं युरोपीय संसदेवर निवडून गेले. तिथली त्यांची अनेक मतं मला पटत नाहीत. कुंपणावरून जाणं हाही लोकप्रतिनिधीचा मार्ग असू नये असं मी मानतो, कारण सभागृहात प्रश्न विचारायचा अधिकार त्यांच्याकडे होता. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. त्यांनी जे केलं ते उघड्यावर केलं, त्याची किंमत मोजली आणि न्यायालयाच्या दप्तरात त्याची ओळ न् ओळ आहे. फोनवर टाकलेल्या शब्दाच्या नशिबी असं दप्तर नसतं.

आता वेक्सफर्डचेच तेव्हाचे दुसरे टीडी, ब्रेंडन हाउलिन. मजूर पक्षाचे, १९८७ पासून सलग निवडून आलेले. २०११ ते २०१६ या काळात ते सरकारी खर्च आणि सुधारणा खात्याचे मंत्री होते, म्हणजे वराडकर पर्यटनमंत्री असतानाच्या मंत्रिमंडळातले सहकारी. डूनबेगचा फोन झाला त्याच सुमाराला हाउलिन एक कायदा तयार करत होते. २०१५ मध्ये तो मंजूर झाला आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाला : लॉबिंग नियमन कायदा. मंत्री, टीडी, वरिष्ठ अधिकारी यांच्याकडे धोरणाबद्दल, निधीबद्दल कुणी शब्द टाकला तर वर्षातून तीनदा, दर चार महिन्यांचा काळ संपल्यावर २१ दिवसांच्या आत, त्याची नोंद सार्वजनिक नोंदवहीत करायची. दहापेक्षा जास्त नोकर असलेली कंपनी, व्यापारी संघटना, पैसे घेऊन दुसऱ्यासाठी बोलणारा, हे सगळे त्यात येतात. आणि जमिनीच्या विकासाबद्दल किंवा वापराबद्दल बोलायचं असेल तर कुणीही असो, स्वतःच्या राहत्या घराचा अपवाद सोडला तर नोंद करायचीच.

त्या नोंदीचा नमुना मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. कुणाशी बोललात. कोणत्या विषयावर. कसं बोललात, भेटून, फोनवर की ई-मेलने. किती वेळा. आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा रकाना : त्यातून तुम्हाला काय घडवून आणायचं होतं. शेवटचा हा प्रश्न इतका सरळ आहे की त्याला ‘सदिच्छा भेट’ असं उत्तर देता येत नाही.

मार्च २०१८ मध्ये गदारोळ उठला तेव्हा हा कायदा लागू होऊन अडीच वर्षं झाली होती. २०१४ च्या फोनला तो लागू नव्हता, आणि ट्रम्प यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. पण लोकांच्या हातात मोजपट्टी आली होती. ‘पुढाऱ्यांना फोन येतच असतात’ हे वाक्य २०१४ मध्ये खपलं असतं, २०१८ मध्ये खपेना, आणि मला वाटतं कायद्याने केलेलं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

हाउलिन यांचं दुसरं काम समाजमाध्यमांबद्दलचं. २०१६ मध्ये तिथल्या कायदा सुधारणा आयोगाने ऑनलाइन छळावर अहवाल दिला होता. २०१७ मध्ये, विरोधी बाकावर असताना, हाउलिन यांनी त्यावर आधारलेलं अशासकीय विधेयक मांडलं. त्या आधीचा कायदा छळासाठी ‘वारंवार’ हा शब्द मागायचा. एकाच माणसाने पुन्हा पुन्हा त्रास दिला तर गुन्हा. समाजमाध्यमांवर दोनशे जण प्रत्येकी एकच घाणेरडा संदेश पाठवतात, तेव्हा त्या दोनशेंपैकी कुणीच ‘वारंवार’ काही केलेलं नसतं. ज्या मुलीने अशा छळानंतर जीव दिला, तिच्या आईने या विधेयकासाठी आयर्लंड पालथा घातला. लोक त्याला मुलीच्या टोपणनावाने ‘कोकोचा कायदा’ म्हणू लागले.

विधेयक मंजूर व्हायला साडेतीन वर्षं लागली. मधे निवडणूक झाली, सरकार बदललं, कायदामंत्री बदलले. सरकारने विरोधकाचं विधेयक बाजूला न सारता त्यात दुरुस्त्या करून ते पुढे नेलं, हे श्रेय वराडकरांच्या आणि त्यानंतरच्या सरकारला द्यायला हवं. डिसेंबर २०२० मध्ये कायदा झाला, फेब्रुवारी २०२१ मध्ये लागू झाला. खासगी छायाचित्रं संमतीशिवाय, इजा करण्याच्या हेतूने पसरवली तर सात वर्षांपर्यंत कैद. तसा हेतू नसतानाही पसरवली तरी गुन्हा, एक वर्षापर्यंत. धमकीचा किंवा अत्यंत घृणास्पद संदेश इजा करण्याच्या हेतूने एकदाच पाठवला तरी गुन्हा. छळाची कमाल शिक्षा सात वर्षांवरून दहावर गेली. आपल्या संसदेत शेवटचं अशासकीय विधेयक कायदा झालं ते १९७० मध्ये, हे लक्षात घेतलं की विरोधी बाकावरच्या एका माणसाच्या या साडेतीन वर्षांचं वजन कळतं.

वराडकरांच्या बाजूला परत येतो, कारण त्यांना एका फोनवर तोलणं अन्यायाचं होईल. डॉलमधल्या त्यांच्या कामात नोंदलेलं पुष्कळ आहे आणि त्यात हारही आहे. मे २०१८ मध्ये, वॉशिंग्टनच्या त्या जेवणानंतर दोनच महिन्यांनी, युरोपच्या विदासंरक्षण, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या, नियमांसाठी देशाचा कायदा चर्चेला आला. पालकांच्या संमतीशिवाय मुलाने समाजमाध्यमावर आपली माहिती द्यायचं किमान वय १३ ते १६ च्या मध्ये प्रत्येक देशाने ठरवायचं होतं. सरकारचा प्रस्ताव १३ चा होता. वराडकरांचं सरकार अल्पमतातलं. विरोधकांनी १६ ची दुरुस्ती मतदानाने मंजूर करून घेतली. मुलांच्या हिताचं नेमकं काय, यावर बालहक्काचं काम करणाऱ्यांतही मतभेद होते, आणि मलाही १३ की १६ याचं छातीठोक उत्तर देता येत नाही. पण फेसबुक, गूगल यांची युरोपातली मुख्यालयं ज्या शहरात आहेत, तिथल्या संसदेत हा प्रश्न मतांनी सुटला.

तटस्थतेचंही तसंच. ७ डिसेंबर २०१७ ला युरोपीय संघाच्या ‘पेस्को’ या संरक्षण सहकार्यात सामील व्हायचा ठराव डॉलमध्ये ७५ विरुद्ध ४२ मतांनी मंजूर झाला. घाईने आणला, पुरेशी चर्चा दिली नाही, ही टीका रास्त होती. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा उपपंतप्रधान असलेल्या वराडकरांनी सभागृहात स्पष्ट सांगितलं की या संघर्षात आयर्लंड मुळीच तटस्थ नाही. देश लष्करीदृष्ट्या तटस्थच राहिला : युरोपच्या निधीतला आपला वाटा त्याने इंधन, औषधं, चिलखतं अशा गोष्टींसाठी दिला, मारक शस्त्रांसाठी नाही. ही रेघ बारीक आहे, पण ती आखताना कोण काय बोललं ते सभागृहाच्या कामकाजात वाचायला मिळतं. डिसेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. ते पद सोडण्याआधीच्या वर्षी, २०२३ च्या जूनमध्ये, सरकारने कॉर्क, गॉलवे आणि डब्लिनमध्ये चार दिवस सार्वजनिक चर्चासत्रं घेतली. राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी देश नाटोकडे वाहवत चाललाय असा जाहीर इशारा दिला. भांडण कडाक्याचं झालं, आणि चारचौघांत झालं.

आणि वारा? एप्रिल २०२३ मध्ये बेल्जियमच्या ऑस्टेंड गावी नऊ देशांच्या नेत्यांनी २०३० पर्यंत समुद्रातून १२० गिगावॅट पवनऊर्जा उभी करायचं जाहीर केलं, त्यात वराडकर होते. २०२१ मध्ये, ते उपपंतप्रधान असताना, समुद्रातल्या बांधकामांच्या परवानग्यांसाठी नवा कायदाही झाला होता. कागद भक्कम आहेत. समुद्रात मात्र आयर्लंडच्या अख्ख्या किनाऱ्यावर आर्कलो बँक या समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्यावर २००४ मध्ये बसवलेल्या सातच पवनचक्क्या त्यांनी पद सोडलं तेव्हा उभ्या होत्या, २५ मेगावॅटच्या. त्याच सुमाराला देशाच्या मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटर खात होती, ज्यांत समाजमाध्यमांच्या कंपन्यांची मोठी केंद्रं येतात. त्यातलं एक अवाढव्य केंद्र क्लोनीला, वराडकरांच्या तेव्हाच्या मतदारसंघाला लागून आहे.

आमच्या देवगडला समुद्राकडेच्या सड्यावर पवनचक्क्या आहेत. लहानपणी त्यांच्या बुंध्याशी पाठ टेकून बसलं की आत काहीतरी हळूहळू दळल्यासारखा आवाज अंगात उतरायचा. त्या तिथे कुणाच्या सांगण्यावरून आल्या, कुणाची हरकत होती, कुणाची जमीन गेली, हे मी मोठेपणी विचारलं तेव्हा प्रत्येकाने वेगळ्या साहेबांचं नाव सांगितलं. लिहिलेलं मला काही सापडलं नाही. भारतात लॉबिंगची नोंदवही ठेवायला लावणारा कायदा आजही नाही.

डूनबेगचा तो फोन २०१५ च्या सप्टेंबरनंतर आला असता, तर फोन करणाऱ्याला तो चार महिन्यांचा काळ संपल्यावर २१ दिवसांच्या आत ती नोंद भरावी लागली असती. विषय : जमिनीचा विकास. कुणाशी : पर्यटनमंत्री. किती वेळा : एकदा. काय घडवून आणायचं होतं : शेजारी पवनचक्क्या नकोत.